मोरछाप

आमच्या टोलीला कागदावर नाव नव्हतं.
पोस्टमन विचारायचा, भट्टीटोलीचे का?
आम्ही माना हलवायचो.
कारखान्याचं कंपाउंड संपलं की आमची घरं लागायची,
चुलत्याकडं राहिल्यासारखी, जरा अंग चोरून.

बोडीतली चिकणमाती बंडीनं यायची.
काळी, थंड, शिंगाड्याच्या वेलाचे तुकडे तिच्यात,
कधी शिंपला,
एकदा कुणाचं तरी जोडवं.
तीन दिवस ते पिंपळाला टांगून ठेवलं होतं.
कुणी आलं नाही,
मग गजराच्या मायनं घातलं, एकाच पायात.

प्रेसचा दट्ट्या खाली आला
की मातीच्या पाठीवर मोर बसायचा
आणि मोराखाली चार अक्षरं.
शाळेत जायच्या आधी मला तेवढीच येत होती.
गुरुजी म्हणाले, छ छत्रीचा.
मी म्हटलं, छ छपराचा.
छत्री आमच्याकडं नव्हतीच.

हिवाळ्यात भट्टीची मागची भिंत आमची.
तिला पाठ लावून पाढे.
तिच्यावर गोधड्या, लंगोट, म्हाताऱ्यांचे गुडघे.
इस्तारी नेवारे तूस टाकता टाकता
धगीच्या रंगावरून वेळ सांगायचा,
"कुकवावानी झाली, म्हणजे आठ वाजले.
झेंडूवानी झाली का झोपा लेकहो."
त्याला भुवया नव्हत्या.
आम्हाला वाटायचं, तो जन्मला तसाच.

ओले कवेलू उन्हात ओळीनं मांडलेले असायचे.
त्यांच्यातून पळायचं नाही,
टोलीत कायदा हा एकच.
संक्रांतीचा दुसरा दिवस. मी सहा वर्षांची.
वर कटलेला पतंग, निळा,
आणि खाली माझा उजवा पाय
मोराच्या बरोबर गळ्यावर.

माय त्याच ओळीत कवेलू उलथत होती.
अंजिरा, रोजी पाच रुपये, फुटीचे पैसे कापून.
मुनीमबाबू वही घेऊन येतच होते.
तिनं मारलं नाही मला.
झोपेत उघडं पडलेलं लेकरू झाकावं
तसा तो कवेलू तिनं पालथा केला
आणि पुढच्या कवेलूला हात घातला.

आठ दिवसांनी म्हणाली, तुहा पाय भट्टीत गेला.
इस्तारी हसला,
"आता पक्का झाला. आता कोणाच्या तरी घरावर
उभी राहाशीन बाई, पानी-पावसात."

तेव्हापासून कुणाकडंही गेले
की मी आधी वर बघते.
मयतीला, बारशाला, दळण न्यायला गेले तरी.
लग्न ठरलं तेव्हा मामी कानात म्हणाली,
सासरी मान खाली ठेवजो.
मी बैठकीत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं.
स्लॅब होता.

कारखाना बंद झाला ते कुणी सांगितलं नाही.
गजराची आजी रोजच्यासारखी भिंतीला टेकली,
थोडा वेळ बसली,
मग म्हणाली, आज अशी काऊन लागते बापा ही?
तिनं हात फिरवून पाहिला,
जसा तापातल्या पोराच्या कपाळावर फिरवतात,
फक्त उलट्या काळजीनं.

परवा साकोलीच्या रस्त्यावर जेवायला थांबलो.
नवीन हॉटेल, जुन्या कवेलूंचं.
गावोगावची घरं उतरवून आणलेली,
खाली दिव्यांच्या माळा सोडलेल्या.
मी मोर मोजू लागले.
एकशे बारापर्यंत मोजले, पाय सापडला नाही.
एका कवेलूवर कोंबडीची तीन बोटं मात्र होती,
घाईत गेल्यासारखी.
ती डोमाजीकडची लंगडी असणार,
तीच जायची नेहमी तिकडून.

पोऱ्या म्हणाला, मॅडम, पाल आहे का?
मी म्हटलं, नाही. कोंबडी आहे.
तो वर बघत उभा राहिला.
लेक माझं ताट पुढं सरकवत म्हणाली,
आई, जेव ना, गार होतंय.